गेमच्या गिरणीत विणकाम खाते कोणाचे?

१९२८ साली मुंबईच्या कापड गिरण्यांत मोठा संप झाला. त्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांपुढे एक अडचणीचा प्रश्न ठेवला. गिरणीतले विणकाम खाते जास्त मजुरीचे, आणि नेमके तेच खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून आपल्या माणसांनी कमी मजुरीच्या कातण खात्यातच राबायचे. कामगारांची एकजूट हवी असेल तर विणकाम खाते आम्हाला खुले करा ही मागणीही तुमच्या मागण्यांत घ्या, असे बाबासाहेबांनी ठणकावून सांगितले.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण असे की नवा धंदा उभा राहिला की त्यात दोन खाती तयार होतात. एक मोबदल्याचे, मानाचे आणि मालकीचे. दुसरे नुसत्या राबण्याचे. सुरुवातीलाच जो आत शिरतो तो विणकाम खात्यात बसतो आणि उशिरा येणाऱ्याला कातण खाते मिळते. महाराष्ट्रात सध्या असाच एक नवा धंदा उभा राहतो आहे. तो आहे व्हिडिओ गेम तयार करण्याचा. त्यात आपल्या मुलामुलींना कोणते खाते मिळणार, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गेम म्हटले की आपल्या वस्तीतल्या आईबापांच्या डोळ्यांपुढे मोबाईलवरची रमी आणि पैसे लावून खेळायचा जुगार उभा राहतो. ती भीती खोटी नाही. त्या जुगाराने अनेक घरे धुऊन नेली. म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि बाकीचे ऑनलाइन खेळ त्यापासून वेगळे काढले. आपण बोलतो आहोत ते गेम रचणाऱ्यांविषयी. सिनेमासारखीच ही एक कला आहे. तिला गोष्ट लागते, चित्रकार लागतो, संगीत लागते, गणित लागते, आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारा प्रोग्रॅमर लागतो. गेम खेळण्यात वेळ घालवणारा मुलगा वेगळा आणि रात्री जागून स्वतःचा गेम बांधणारी मुलगी वेगळी.

सरकारलाही हा धंदा दिसू लागला आहे. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृती दल नेमण्याची घोषणा झाली. २०२५ साली मुंबईत पेडर रोडवर या क्षेत्राची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने याच क्षेत्राचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतच्या या धोरणाचा आराखडा ३,२६८ कोटी रुपयांचा आहे. पन्नास हजार कोटींची गुंतवणूक आणि दोन लाख रोजगार असे त्याचे उद्दिष्ट सांगितले गेले. २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पंधरा हजार माध्यमिक शाळा आणि पाचशे महाविद्यालयांत या विषयाच्या प्रयोगशाळा काढण्याची घोषणा झाली. म्हणजे पैसा येतो आहे. प्रश्न एवढाच की तो कोणाच्या दारात थांबणार आणि कोणाच्या दारावरून पुढे जाणार?

याचे उत्तर शोधायचे तर गेमचा धंदा चालतो कसा हे समजून घ्यावे लागेल. गेम बांधण्याची साधने आज बऱ्याच अंशी फुकट आहेत. गोडो नावाचे गेम इंजिन आणि चित्रे घडवायचे ब्लेंडर ही दोन्ही विनामूल्य आहेत. तयार झालेला गेम बाजारात ठेवायचा खर्चही फार नाही. गुगलच्या दुकानात नोंदणीचे एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर, संगणकावरच्या गेमसाठी स्टीमवर प्रत्येक गेममागे १०० डॉलर. हे आकडे दाखवून काही शहाणे म्हणतात, "बघा, दार सगळ्यांना उघडे आहे, गुणवत्ता असेल तर या!"

दार उघडे आहे, पण दारापर्यंतचा रस्ता? ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक अर्ध्या-पाऊण लाखाचा. प्रकाशक कंपनी पैसे लावते ती खेळून बघता येईल असा नमुना हातात आल्यावर. नुसत्या कल्पनेला कोणी पैसे देत नाही. आणि असा नमुना तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. त्या काळात कमाई शून्य. नोकरी मागायला गेले तरी आधी केलेले काम दाखवा म्हणतात, आणि ते काम करायलाही तेवढाच बिनपगारी काळ हवा. म्हणजे या धंद्याची खरी फी दीड वर्ष न कमावता जगण्याची आहे.

ही फी कोण भरू शकतो? ज्याच्या बापाचा पुण्यात फ्लॅट आहे, ज्याच्या घरात दोन पगार येतात, ज्याला मामा-काकांपैकी कोणी तरी बंगलोरच्या कंपनीत ओळख काढून देतो, तो भरतो. परभणीच्या, वाशिमच्या, चंद्रपूरच्या बौद्धवाड्यातली, मातंग वस्तीतली, पारधी तांड्यावरची पहिल्या पिढीची पदवीधर मुलगी भरू शकत नाही. तिच्या पदवीची वाट घरातली पाच माणसे बघत असतात. ती कॉल सेंटरला जाते, पतपेढीत जाते, स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभी राहते. तिची गुणवत्ता कमी पडली असे कोणी म्हणू नये. कमी पडले ते दीड वर्षाचे अन्न.

जगात या दुखण्यावर औषध शोधले गेले आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी या शहराचे उदाहरण आपण मुद्दाम समजून घ्यावे, कारण हे शहर आपल्या गिरणगावाचे दूरचे भावंड आहे. बंगालचा ताग बोटीने जायचा आणि डंडीच्या गिरण्यांत त्याची पोती विणली जायची. पुढे ताग गेला, गिरण्या बंद झाल्या. मग टायमेक्स कंपनीच्या कारखान्याने शहराला हात दिला. तिथे घड्याळांबरोबर सिंक्लेअर कंपनीचे स्वस्त घरगुती संगणक तयार होत. ते संगणक शहरातल्या कामगारांच्या घरात पोचले आणि त्यांची पोरे त्यावर प्रोग्रॅम लिहू लागली. याच कारखान्यात काम केलेल्या डेव्हिड जोन्स या तरुणाने नोकरी सुटताना मिळालेल्या पैशातून चांगला संगणक घेतला आणि मित्रांना घेऊन कंपनी काढली. १९९१ चा लेमिंग्ज हा गेम त्या कंपनीचा आणि १९९७ चा ग्रँड थेफ्ट ऑटोही तिचाच. पुढे जगातल्या सर्वाधिक खपाच्या मालिकांत गणली गेलेली ही मालिका लंडनमध्ये जन्मली नाही. ती एका उजाड गिरणीच्या शहरात जन्मली.

पण गंमत पुढे आहे. टायमेक्सचा कारखाना १९९३ साली कडव्या संघर्षानंतर बंद पडला. त्यात बहुसंख्य स्त्री कामगार होत्या. एका तरुणाच्या हाती नोकरी सुटल्याचे पैसे आले म्हणून एक कंपनी उभी राहिली, पण असा योग दरवेळी येत नाही, हे त्या शहराने ओळखले. १९९७ मध्ये तिथल्या अबर्टे विद्यापीठाने संगणक गेमची पदवी सुरू केली; या विषयातली ती जगातली पहिली पदवी मानली जाते. २०१५ मध्ये ब्रिटिश सरकारने ४० लाख पौंडांचा गेम निधी काढला तेव्हा तो चालवायला दिला डंडीतल्या एका ना-नफा संस्थेकडे. राजधानीतल्या बड्या कंपन्यांच्या हाती तिजोरीची किल्ली गेली नाही. याच निधीतून २०१६ पासून ट्रान्झफ्यूजर नावाची योजना चालवली गेली. नुकतीच पदवी घेतलेल्या मुलांनी गट करून अर्ज करायचा. निवड झाली की गटाला पाच हजार पौंड आणि आपल्याच भागातल्या विद्यापीठात बसायला जागा व मार्गदर्शक. उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत गेमचा नमुना तयार करायचा, लोकांपुढे मांडायचा, आणि मग पुढच्या मोठ्या अनुदानासाठी बाजू मांडायची. काम दाखवा तर पैसे देऊ, हा बाजाराचा नियम इथे उलटा केला. आधी थोडे पैसे घ्या आणि मग काम दाखवा!

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे, आणि त्यात इशारा आहे. तिथल्या संघ सरकारने २०१२ च्या अखेरीस दोन कोटी डॉलरचा गेम निधी जाहीर केला. २०१४ च्या अर्थसंकल्पात नव्या सरकारने तो एका फटक्यात बंद केला. राज्य पातळीवर मात्र व्हिक्टोरियासारख्या राज्याने आपली मदत चालू ठेवली. त्याच मदतीवर मेलबर्नमधल्या चार जणांच्या छोट्या गटाचा अनटायटल्ड गूज गेम २०१९ मध्ये बाहेर आला आणि जगभर गाजला. पुढे संघ सरकारला शहाणपण आले. जुलै २०२२ पासूनच्या खर्चावर गेम कंपन्यांना ३० टक्के कर परतावा देण्याचा कायदा झाला, पण त्याची अट अशी की किमान पाच लाख डॉलर खर्च केलेले असले पाहिजेत. जो आधीच पाच लाख खर्च करू शकतो त्यालाच ती सवलत. म्हणून त्या उंबरठ्याच्या खाली असलेल्यांसाठी आणि नवोदितांसाठी वेगळी रोख अनुदाने ठेवावी लागली. धडा साधा आहे. करसवलत ही पोट भरलेल्याची योजना असते. उमेदवारी करणाऱ्याला रोख अनुदानच लागते.

आता आपल्याकडे पाहू. अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी योजना नाहीत असे नाही. पण प्रत्येक योजनेच्या चाळणीतून हा गेम करणारा पोरगा खाली गळतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मिळते. गेमची विद्या मात्र पुष्कळदा खाजगी वर्गात किंवा स्वतःच्या हिमतीवर शिकली जाते. स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणाला मदत मिळते, पण गेमच्या कामाला परीक्षा नाही. २०१६ साली सुरू झालेली स्टँड अप इंडिया ही दहा लाख ते एक कोटीच्या कर्जाची योजना होती. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इनक्युबेशन मिशन जाहीर केले. त्यात तरुण उद्योजकाला तीन वर्षांत तीस लाख रुपये भांडवल द्यायचे ठरले. कल्पना चांगली, पण ते भांडवल कंपनीला मिळते. कंपनीच्या आधीचा माणूस, ज्याच्याकडे एक जुना लॅपटॉप आणि डोक्यात एक गोष्ट आहे, तो कोणत्या अर्जात आपले नाव लिहिणार?

अशा माणसाला पैसे देणे म्हणजे उधळपट्टी, असे ज्यांना वाटते त्यांनी १९१३ साल आठवावे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमरावांना परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ती पोटाची चिंता न करता ग्रंथालयात बसण्याची सोय होती. आणि मुदत संपताच काय झाले? १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले. बाबासाहेबांसारख्या प्रकांड बुद्धिमत्तेच्या माणसाची तीन वर्षे निधी तुटल्यामुळे गेली, तिथे आपल्या साध्या पोरांचे काय होत असेल? म्हणून निधी असावा, तो वेळेवर मिळावा आणि मध्येच तुटू नये. शिष्यवृत्तीचे हप्ते वर्ष-वर्ष अडकवून ठेवणाऱ्या यंत्रणेला हे सांगितलेच पाहिजे.

काही कार्यकर्ते विचारतील, "गावात पाण्याचा हंडा मिळत नाही, अत्याचार थांबत नाहीत आणि तुम्ही गेमच्या गोष्टी सांगता?" प्रश्न बरोबर आहे, पण तो अपुरा आहे. पाण्याचा लढा लढलाच पाहिजे. मात्र तो लढताना नव्या धंद्यांची दारे बंद होऊ दिली तर आपली पुढची पिढी पुन्हा कातण खात्यातच जाईल. आणखी एक प्रश्न येतो की हा धंदा टिकाऊ आहे का? खरे सांगायचे तर नाही. बहुतेक गेम खर्चही भरून काढत नाहीत. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर या धंद्यातल्या हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. भारतातले बरेच काम परदेशी कंपन्यांसाठी चित्रे व भाग पुरवण्याचे आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा घाव आधी याच पुरवठ्याच्या कामावर पडण्याचा धोका आहे.

पण याच कारणासाठी कर्ज नको, अनुदान हवे, असे आमचे म्हणणे आहे. दहापैकी आठ-नऊ गेम बुडणार हे ठाऊक असताना गरिबाच्या पोराला घर गहाण ठेवून कर्ज घ्यायला लावणे ही क्रूरता आहे. श्रीमंताचा गेम बुडाला तर त्याचे वर्ष वाया जाते; गरिबाचा बुडाला तर त्याचे घर जाते. आणि याच कारणासाठी नुसते पुरवठ्याचे काम नको, गेमची रचना आणि गोष्ट यांची मालकी हवी. चित्राचे तुकडे पुरवणारा हात उद्या बदलता येतो. गोष्ट ज्याची आहे त्याला सहज बदलता येत नाही.

गोष्टींचा मुद्दा निघाला म्हणून सांगतो. पुण्यातल्या एका स्टुडिओने राजी नावाचा गेम २०२० मध्ये जगाच्या बाजारात नेला. २०१७ मध्ये त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली होती, तरी त्यांनी जिद्दीने काम तडीस नेले. त्या जिद्दीला सलाम. पण त्याची कथा पुराणांच्या मुशीतली आहे. देव एका बाजूला आणि महाबलासुर नावाचा असुर खलनायक. असुर म्हणजे दुष्ट हे तिथे गृहीतच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून बळीराजाची बाजू जगापुढे मांडली. ती बाजू मांडणारा गेम कोण रचणार? दुसऱ्याने आपली गोष्ट का सांगितली नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही. ज्याच्या हाती साधन, त्याची गोष्ट.

अलास्कातल्या आदिवासींनी हे ओळखले. कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल ही तिथली समाजसेवा करणारी संस्था. तिने स्वतः पैसा घालून गेम कंपनी काढली, अनुभवी गेमकारांना सोबत घेतले, इनुपियाक वडीलधाऱ्यांना आणि कथेकऱ्यांना शेजारी बसवले आणि २०१४ मध्ये नेव्हर अलोन हा गेम काढला. त्याचे निवेदन त्यांच्याच भाषेत आहे. पुढच्या वर्षी त्याला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. समाजाच्या संस्थेने ठरवले तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

आता मागण्यांकडे येऊ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी हे अनुसूचित जाती उपयोजनेचे तत्त्व आहे. तेच तत्त्व ३,२६८ कोटींना लावले तर सुमारे ३८५ कोटी होतात. पहिल्या पाच वर्षांसाठी धरलेल्या सुमारे ३०८ कोटींना लावले तर सुमारे ३६ कोटी. एका गटाला तीन लाख दिले तरी पाच वर्षांत बाराशे गट उभे राहतात. आदिवासी, भटके-विमुक्त, ओबीसी आणि अल्पसंख्याक मुलांचा हिशोब याच्याशिवाय वेगळा मांडावा लागेल.

हा पैसा कसा द्यायचा? कंपनीची नोंदणी, जामीनदार आणि तीन वर्षांचा ताळेबंद न मागता, कल्पना व छोटा नमुना पाहून. अर्ज मराठीत करता यावा आणि मुलाखतही मराठीत व्हावी. इंग्रजी सादरीकरणाच्या चटपटीतपणाला गुण देऊ नयेत. निवड झालेल्यांना किमान वर्षभर दरमहा निर्वाहभत्ता मिळावा. त्यांना अनुभवी मार्गदर्शक जोडून द्यावा आणि गेमकारांच्या परिषदेला जाण्या-येण्याचा खर्च मिळावा, कारण या धंद्यात कामे ओळखीतून मिळतात आणि आपल्या पोरांकडे ती ओळखच नसते. प्रयोगशाळा काढणारच असाल तर समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहांत काढा, छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयासारख्या ठिकाणी काढा, आणि संध्याकाळी पाचला कुलूप लावू नका. दिवसा कामावर जाणारी मुले रात्रीच शिकू शकतात. शेवटची मागणी म्हणजे लाभ घेणाऱ्यांची जिल्हावार व प्रवर्गवार यादी दरवर्षी जाहीर करा. मुंबई-पुण्याला किती गेले आणि हिंगोली-गडचिरोलीला किती, हे जनतेला कळू द्या.

आणि थोडे आपल्याशीही बोलू. सरकारकडे बोट दाखवताना बाकीची बोटे आपल्याकडे वळतात. आपल्या समाजातले कितीतरी तरुण आज हिंजवडीत, बंगलोरला, अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करतात. महिन्याला दोन तास गावाकडच्या एका मुलीचे काम तपासून द्यायला पैसे लागत नाहीत. जयंतीच्या वर्गणीतून एका वर्षी एखादा कमान-मंडप कमी करून वस्तीतल्या वाचनालयात एक चांगला संगणक आणता येतो. निवृत्त अधिकाऱ्यांच्या संघटनांनी मिळून दोन गटांचा वर्षाचा भत्ता उचलला तर सरकारपुढे बोलताना आपल्या हातात नमुना असेल. आम्ही हे करून दाखवले, आता तुम्ही मोठ्या प्रमाणात करा, असे ताठ मानेने सांगता येईल.

धोरण मंजूर झाले आहे, पण कागदावरचे धोरण आणि हातात पडणारा पैसा यांच्यामध्ये नियम असतात, समित्या असतात, निवड मंडळे असतात. आपला हक्क मारला जातो तो बहुतेक वेळा तिथे, आवाज न करता. म्हणून आपल्या विद्यार्थी संघटनांनी, आमदारांनी आणि समाजकल्याण समित्यांवरच्या सदस्यांनी या नियमांवर आत्ताच नजर ठेवावी, लेखी मागण्या द्याव्यात, विधिमंडळात प्रश्न विचारावेत. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी संप चालू असतानाच विणकाम खात्याचा प्रश्न काढला. तडजोड होईपर्यंत ते थांबले नाहीत. नवी गिरणी बांधली जात असतानाच आपण खात्याचा प्रश्न विचारला पाहिजे. भिंती उभ्या राहिल्यावर विचारणाऱ्याला दरवान उत्तर देतो.

जयभीम!